बतूताची परतफेड

मोरोक्कोचा एक माणूस आपल्या मुलखात येऊन गेला आणि घरी परतल्यावर आपल्याबद्दल वाटेल ते सांगत बसला, याला आता पावणेसातशे वर्षं होत आली. इब्न बतूता त्याचं नाव, गाव टँजिअर. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, हजला जातो म्हणून घरून निघाला आणि वाटेला फाटे फोडत फोडत १३३३ साली हिंदुस्थानात पोचला. दिल्लीत महंमद तुघलकानं त्याला काजी केलं. पुढे चीनला वकील म्हणून जाताना तो दौलताबादला थांबला आणि नंदुरबारवरून खंबायतकडे गेला. एवढा देवगिरीचा किल्ला समोर असताना त्यानं काय टिपून घ्यावं? तर इथल्या कोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत आणि त्यांना बघून मांजरं पळ काढतात! वर, त्याच कोठडीत कैद भोगलेल्या एका सरदाराचा हवाला.

नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल मात्र तो बरं बोलतो. हे लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी स्वच्छ अंघोळ करतात, कुठल्या जिवाला त्रास देत नाहीत. भाकरीचा उल्लेख त्या जागी नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण उंदीर गाजले. १३५५ साली फेज शहरात, सुलतानाच्या हुकमावरून, त्यानं हा सगळा मजकूर एका लेखनिकाला तोंडी सांगितला आणि आपले उंदीर जगाच्या वाङ्मयात गेले. तेव्हापासून आपल्या बाजूनं कुणी तिकडे जाऊन, परत येऊन, त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. हा हिशेब कुणीतरी चुकता करायला हवा होता.

आमच्या कोपरगावच्या फिरायच्या मंडळात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या मते बतूतानं गोदावरी ओलांडली ती कोपरगावलाच. नकाशावर दौलताबाद ते नंदुरबार पट्टी ठेवली तर कोपरगाव त्या रेघेच्या जवळपासही येत नाही. पण गुरुजी म्हणतात, राघोबादादा पेशवे इथं आले, तर बतूताला काय धाड भरली होती?

कोपरगावात परदेशी निघालेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, "तिकडं कोण असतं?" अमेरिकेत मुलगा असतो, दुबईत जावई असतो, ऑस्ट्रेलियात सुनेचं बाळंतपण असतं, तेवढं असलं की जाणं रीतसर ठरतं. मोरोक्कोत आमचं कुणीच नसतं. "मग कशाला?" या पुढच्या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं होती. सौभाग्यवतींनी फोनवर शेफशावेन नावाचं निळ्या भिंतींचं गाव पाहिलं होतं. आणि माझी उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे मला तिथली साखर बघायची होती. हे ऐकून लोक गप्पच झाले. ज्या तालुक्यात धुराड्यावरून दिशा सांगतात, ज्याच्या शेजारच्या प्रवरानगरला १९५० साली राज्यातल्या सहकारी साखरेचा जन्म झाला, तिथल्या माणसानं पैसे भरून साखर बघायला आफ्रिकेत जायचं!

माझी बाजू फक्त शेजारच्या ऊसवाल्या भाऊंनी घेतली. "जाऊन या, साहेब. आपली १८:४६ खताची गोणी तिकडूनच येती." भाऊ गोणीवरचा मजकूर वाचणारे शेतकरी आहेत. जगातल्या ज्ञात फॉस्फेटच्या साठ्यांतले सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत आणि भारतातलं फॉस्फेटचं खत बऱ्यापैकी त्यांच्या खडकावर आणि आम्लावर चालतं. म्हणजे गोदाकाठच्या उसाच्या बुडाशी मोरोक्को पहिल्यापासून आहेच. "खुरीबगाच्या खाणीला माझा नमस्कार सांगा आणि भाव जरा आवरा म्हणावं," असा निरोप देऊन भाऊ पाणी धरायला निघून गेले.

टूर मराठी होती. म्हणजे विमान सुटायच्या आत ठेपले फिरले. टूर मॅनेजर डोंबिवलीचा, उत्साही आणि झोप न झालेला मुलगा. बरोबर नाशिकचे एक निवृत्त बँक मॅनेजर, संगमनेरकडचे एक बागायतदार, आणि प्रत्येक ठिकाणी "याच्यापेक्षा आपलं वेरूळ चांगलं" म्हणणाऱ्या पुण्याच्या दोन भगिनी.

फेजच्या जुन्या शहरात मोटार शिरत नाही. गल्ल्या हजारोंनी, काही इतक्या अरुंद की समोरून सामान लादलेलं गाढव आलं तर दोघांपैकी एकाला मोठेपणा दाखवावा लागतो, आणि तो गाढवानं दाखवल्याचं मी पाहिलं नाही. ८५९ साली स्थापन झालेली करवीन मशीद आणि तिथली विद्यापीठाची परंपरा याच गल्ल्यांत. एका बाईनं, फातिमा अल फिहरीनं, ती उभारली असं सांगतात. पुण्याच्या भगिनी इथे मात्र वेरूळ विसरल्या.

अशाच एका वळणावर बारा-तेरा वर्षांचा पोरगा आडवा आला. "पुढे रस्ता बंद आहे," असं त्यानं इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि हातानं सांगितलं. "इकडून चला, चामड्याचे हौद दाखवतो." बँक मॅनेजर वळायला लागले. मी जागचा हललो नाही. शिर्डीला स्वतःचं रेल्वे स्टेशन झालं ते २००९ साली. तोवर साईबाबांकडे रेल्वेनं येणारा बराचसा देश कोपरगाव स्टेशनावर उतरायचा, आणि मी वाढलो त्या स्टेशनाच्या सावलीत. "शेवटची एसटी गेली," हे वाक्य समोर एसटी उभी असताना कसं म्हणायचं, याचं शिक्षण आमच्याकडे जीपवाल्यांनी कित्येक पिढ्यांना फुकट दिलंय. पोराच्या पाठीमागून, बंद असलेल्या रस्त्यानं, एक म्हातारी भाजी घेऊन आरामात चालत आली. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला काय उमगलं कोण जाणे, तो हसला, "अमिताभ बच्चन!" म्हणाला आणि मला सोडून पुण्याच्या भगिनींकडे गेला. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. पण तिकडे हिंदी सिनेमा इतका मुरलाय की भारतीय माणसाला बच्चन किंवा शाहरुख यांपैकी एक व्हावंच लागतं, आणि केस पांढरे असले की निवड आपल्या हातात राहत नाही.

चामड्याच्या हौदांपाशी प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाला धरायला. कातडी मऊ करायला तिथे अजून कबुतराची विष्ठा वापरतात. गच्चीवर सगळे परदेशी लोक नाकाशी पुदिना धरून, डोळे बारीक करून उभे होते. मी काडी तशीच धरून बराच वेळ खाली बघत राहिलो. दुकानदाराला माझी काळजी वाटली. डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या, स्पेंटवॉशच्या वाऱ्यात ज्यांनी डबे खाल्लेत, त्यांची नाकं वेगळ्या कारखान्यात बनलेली असतात, हे त्याला कुठल्या भाषेत सांगणार? पुदिना मी खिशात ठेवला. चहाला झाला असता.

आता चहा. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण मी त्याच्यासाठीच गेलो होतो.

मोरोक्कोचा चहा चिनी. हिरवा, बंदुकीच्या छऱ्यांसारखा गोळ्या झालेला. घराघरात पोचला तो एकोणिसाव्या शतकात. क्रिमियाच्या युद्धामुळे नेहमीची गिऱ्हाइकं बंद झाली, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला माल टँजिअर आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवला. त्यात मूठभर पुदिना पडतो आणि मग साखर. ती चमच्यानं घालत नाहीत. साखरेचा तिथे सुळका मिळतो, पांढराशुभ्र, दोन किलोंचा, निळसर जांभळ्या कागदात गुंडाळलेला. यजमान त्याला छोट्या हातोडीनं फोडतो आणि मुठीएवढा तुकडा चहाच्या किटलीत सोडतो. मग एक पेला भरून पुन्हा किटलीत ओततो, पुन्हा भरतो, पुन्हा ओततो, आणि शेवटी किटली डोक्याच्या उंचीला नेऊन खालच्या चिमुकल्या पेल्यात धार सोडतो. वर फेस आला पाहिजे. फेस नसलेला चहा म्हणजे यजमानाचा कमीपणा.

मंडळी फोटो काढत होती. मला तो सुळका बघून भरून आलं होतं. सेंट्रिफ्युगल यंत्र येण्याआधी पुष्कळ ठिकाणी साखर अशीच व्हायची. दाणे धरलेला गरम रस शंकूच्या साच्यात ओतायचा, टोकाच्या भोकातून मळी निथळू द्यायची, आणि साचा उलटा करून सुळका काढायचा. आम्ही हे पुस्तकात शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. आणि इथे ती वस्तू कासाब्लांकाच्या १९२९ सालच्या कारखान्यात आजही तयार होते, किराणा दुकानात फळीवर उभी असते. मी वाटाड्याला विचारलं, ऊस कुठला? तो म्हणाला, थोडा ऊस, जास्त बीट, आणि बाकी कच्ची साखर बाहेरून. बीट म्हटल्यावर माझ्या मनात जातिभेद जागा झाला. पण पेला तोंडाला लावला आणि तो मावळला. खिशात ब्रिक्स मीटर असतं तर आकडा सांगितला असता. जिभेच्या अंदाजानं सांगायचं तर तेवढ्या गोडीच्या रसाचा ऊस आमच्या गव्हाणीत आला असता तर चेअरमननी पेढे वाटले असते.

बँक मॅनेजरांनी सकाळचीच गोळी पुन्हा घेतली. साखरपट्ट्यात आमचा हंगाम मार्चपर्यंत संपतो. रक्तातला गळीत हंगाम बारमाही असतो. त्यांनी "बिनसाखरेचा मिळेल का?" असं विचारून पाहिलं. यजमानाचा चेहरा असा झाला, जणू त्यांनी बिनपुरणाची पोळी मागितली. दुसरा पेला न मागता आला. तिसराही. नको म्हणण्याची त्यांच्याकडे सोय नाही. आमच्या मावशीच्या घरीही नाही, त्यामुळे पानावर आडवा हात धरायची कला मला येते. मी पेल्यावर हात धरला. यजमानानं तो प्रेमानं उचलून बाजूला ठेवला. मावशीही हेच करते.

ते सुळके लग्नाच्या बोलणीला नेतात, बारशाला नेतात, हजहून आलेल्याकडे नेतात, आणि कुणी गेलं तरी घेऊन जातात. मुलाकडचे लोक मुलीच्या घरी साखर घेऊन निघालेले वाटाड्यानं एका गावात दाखवले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे यांचाही साखरपुडा!" आणि लगेच "पण आपला पुडा केवढासा, बाई" असं म्हणून पुढे बराच वेळ गप्प राहिल्या. आमच्या साखरपुड्यात काय कमी पडलं होतं, त्याचा हिशेब चालू झाला असावा.

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी म्हणून सांगितलेल्या पदार्थात कोंबडी निघाली आणि वाढणाऱ्यानं निरागसपणे सांगितलं की हे मटण नाही. शुक्रवारी कुसकुस असतो, गव्हाच्या बारीक रव्याच्या वाफवलेल्या कण्या, वर सात भाज्या. एकाच मोठ्या ताटात सगळ्यांनी जेवायचं, उजव्या हातानं, आणि नियम असा की प्रत्येकानं आपल्यासमोरच्या त्रिकोणातच खायचं. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. पण आमच्याबरोबर नगर जिल्ह्यातला बागायतदार होता. त्याचा चुलतभावाशी बांधावरून दावा चालू आहे, वडिलांच्या वेळेपासून. पाचव्या मिनिटाला माझ्या त्रिकोणातलं गाजर त्याच्या बाजूला सरकलेलं दिसलं. दहाव्या मिनिटाला भोपळाही. मी बघितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मोजणी करून घ्या."

ताटात मिठात मुरवलेलं लिंबू होतं. पिवळं, मऊ, आजीच्या बरणीतलं. मला एकदम बतूता आठवला. आपल्याकडचे लोक झाडाखाली पडलेले हिरवे आंबे मिठात मुरवतात, जशी आमच्या देशात लिंबं मुरवतात, असं त्यानं लिहिलंय. म्हणजे हा बाबा आपल्याकडे बसून कैरीचं लोणचं खाताना घरच्या लिंबाची आठवण काढत होता. आणि मी त्याच्या गावाकडे बसून ते लिंबू खात होतो, शेजारी डब्यात कैरीचं लोणचं होतंच. मी वाटाड्याला एक फोड दिली. त्यानं डोळे मिटले, खोकला, पाणी प्यायला आणि आणखी एक मागितली. उंदरांचं अर्धं कर्ज तिथे फिटलं, असं मी समजतो.

हमामबद्दल पुण्याच्या भगिनी म्हणाल्या, जाऊ नका. म्हणून आम्ही गेलो. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. मला एका वाफाळलेल्या दालनात, फक्त चड्डीवर, तापलेल्या फरशीवर बसवलं. ऑलिव्हचा काळा, लोण्यासारखा साबण अंगाला फासला आणि मुरायला ठेवून दिलं. मग एक धिप्पाड गृहस्थ हातात खरखरीत पिशवी घालून आले. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, हात पिळून पाठीमागे नेला, आणि घासायला लागले. दिवाळीच्या पहाटे उटणं लावणारी आई आठवली, पण आईला माझ्याबद्दल काही माया होती. थोड्या वेळानं माझ्या अंगावरून राखाडी वळ्या निघू लागल्या. गृहस्थांनी त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि अभिमानानं मान हलवली. मग बादल्या. गरम, कोमट, गरम, गार. ज्या गावात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तिथल्या माणसाच्या डोक्यावर एकामागून एक बादली रिकामी होताना त्याला सुख कसं व्हावं? मी खुणेनं "पुरे" सांगत होतो. त्यांना वाटलं, मी आणखी मागतोय.

बाहेर सौभाग्यवती आधीच येऊन बसल्या होत्या, चकचकीत, हातावर मेंदी. आतल्या बायकांशी त्यांच्या तासभर गप्पा झाल्या होत्या. भाषा कोणती, विचारलं तर म्हणाल्या, "सुनांबद्दल बोलायला भाषा कशाला लागते?" माझ्या वळ्यांची हकिकत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे कारखान्याची मळी इतकी वर्षं तुम्ही घरी आणत होतात?"

मराकेशच्या जमा अल फना चौकात संध्याकाळी सगळं जग जमतं. गारुडी, मेंदीवाल्या, संत्र्याच्या रसवाल्या गाड्या, उकडलेल्या गोगलगायी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पुंगी बंद पाडली. इथे ती जोरात होती. बँक मॅनेजरांच्या गळ्यात एकानं साप घातला. घालायचे फारच थोडे पैसे होते. काढायचे मात्र भरपूर. कर्जवसुलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढी सुबक वसुली कधी जमली नव्हती, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. मी जरा लांब, गोष्ट सांगणाऱ्याच्या घोळक्यात उभा होतो. या चौकातली ही तोंडी परंपरा युनेस्कोनं २००१ साली मानवाचा वारसा म्हणून जाहीर केलीय. म्हातारा बोटं नाचवत, आवाज चढवत काय सांगत होता, एक अक्षर कळलं नाही. पण एका जागी तो अचानक थांबला आणि टोपी फिरवायला लागला. गोष्ट कुठे थांबवायची हे बरोबर कळलं. मी दहा दिरहम टाकले, म्हणजे नव्वदेक रुपये.

त्याच शहरात बदी महालाचे अवशेष आहेत. १५७८ साली तीन राजांची लढाई जिंकल्यावर अहमद अल मन्सूर या सुलतानानं तो बांधायला काढला. सूस भागात त्याच्या उसाच्या घाण्या होत्या, आणि महालाला लागणारा इटलीचा संगमरवर त्यानं साखर देऊन घेतला, वजनास वजन, असं सांगतात. शंभरेक वर्षांनी दुसऱ्या एका सुलतानानं तो सगळा संगमरवर उपसून मेकनेसला नेला. आता भिंतींवर करकोचे बसलेले असतात. टूर मॅनेजर वेळेची आठवण करून देत होता, पण मी आणि बागायतदार तिथेच उभे. किलोला किलो संगमरवर! दोघांच्याही डोक्यात आकडेमोड चालू होती. त्याचं टनेज जास्त, त्यामुळे त्याचा वाडा मोठा झाला.

येताना मी एक सुळका विकत घेतला. मुंबईच्या विमानतळावर यंत्रात तो शंकू दिसला आणि माझी बॅग बाजूला काढली. अधिकारी आपलाच माणूस होता.

"हे काय आहे?"

"साखर."

"कुठून आणली?"

"मोरोक्कोहून."

"राहता कुठे?"

"कोपरगावला."

त्यानं सुळक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सौभाग्यवतींकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं, आणि बॅग बंद केली.

दुसऱ्या दिवशी कोपरगावच्या बेटाकडे फिरायला गेलो तेव्हा मंडळ तयारच होतं. मृतांना उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांना इथेच येत होती, यावर ज्या गावाचा पूर्ण विश्वास आहे, त्या गावाला मी सांगितलं की मोरोक्कोत शेळ्या झाडावर चढतात. अरगानच्या झाडांवर, पार शेंड्यापर्यंत, फळं खायला. एकानंही विश्वास ठेवला नाही. मी फोटो दाखवला. गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करतात." भाऊ म्हणाले, "आपल्या शेळ्या नुसत्या बाभळीला पाय लावतात अन् तुमच्या तिथं शेंड्यावर? लई झालं, साहेब." मग मी, जरा चिडूनच, सांगितलं की फेजमधली गाढवं दुकानदारांशी आपला भाव आपण ठरवतात. सगळ्यांनी माना हलवल्या. गाढवाच्या हुशारीची दोन उदाहरणं लगेच कोपरगावातलीही निघाली. बतूतानं उंदीर का सांगितले असतील, ते मला त्या ओट्यावर समजलं.

मग संगमरवराची गोष्ट निघाली. ती मी एकदाच सांगितली होती, सनासकट, "असं सांगतात" हेही जोडून. पुढचं काम गावानं केलं. पंधरवड्यात गिरणीत दळण घेऊन उभा होतो, तर एका ओळखीच्या ऊस उत्पादकानं पिठाच्या धुरळ्यातून मला हाक मारली.

"साहेब, तुम्ही जाऊन आलात तिथं उसाच्या बिलात संगमरवर देत्यात म्हणं? टनाला टन?"

चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट चालू हंगामात आली होती. सुलतान, महाल, लढाई सगळं गळून पडलं होतं आणि इटलीचं जहाज बहुतेक थेट शेताच्या बांधाला लागत होतं. दुरुस्त करावं असं क्षणभर वाटलं. पण गिरणीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

"देतात," मी म्हणालो. "पॉलिश केलेला."

"घरपोच?"

"घरपोच."

तो खूश झाला. शेजारच्यानं फरशी किती चौरस फूट बसेल ते विचारलं, तेही सांगितलं.

"अन् किती दिवसांत देत्यात?"

"कायद्याप्रमाणे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत."

त्याचा चेहरा पडला. त्यानं पिठाचा डबा उचलून खांद्यावर घेतला. "हितपर्यंत पटलं होतं, साहेब," तो म्हणाला आणि निघून गेला.